पाठ आणि पोट राखा: वेंगुर्ल्याकडच्या एका माडीतल्या पाइपांचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा. वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवरचं चिऱ्याचं जुनं घर. वर मंगलोरी कौलं, खाली माजघर-पडवी आणि मधे लाकडी माडी. घरात काकी एकट्याच राहतात, मुलगा मुंबईत. माडीवरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या म्हणून त्यातल्या एका खोलीला लागून संडास-बाथरूम करायचं काम चालू होतं. चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी येणार, त्याआधी पाणी सुरू व्हायला हवं, ही मुदत. मला फोन आला तो मुलाचा, पण बोलावणं काकींचं होतं. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: "रे, माडी हलता हा. रात्री उंदीर धावलो तरी माका कळता."

जुनी माडी थोडी हलतेच, असं म्हणून हा फोन मी पुढच्या आठवड्यावर ढकलला असता. पण पन्नास वर्षं त्या माडीखाली झोपलेली बाई सांगते की आता वेगळी हलते, तर ते कुठल्याही मोजमापाइतकंच खरं मानावं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

काय दिसलं

कडीपाटाची रचना साधी होती. मागची भिंत ते मधली भिंत असा ३.६ मीटरचा, म्हणजे बारा फुटांचा गाळा. त्यावर सोळा-सोळा इंचांवर ऐनाच्या कड्या, म्हणजे माडीची जमीन पेलणारी आडवी लाकडं, प्रत्येक ७५ मिलिमीटर जाड आणि २०० मिलिमीटर उंच. कड्यांवर फणसाच्या फळ्या. लाकूड उत्तम. मागच्या भिंतीतल्या टोकांना टोचा मारून पाहिला, एखाद-दुसरीकडे वरवरचा भुसा सोडला तर टोक आत जात नव्हतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखात, चिऱ्याच्या भिंतीत इतकी वर्षं बसलेल्या लाकडाची ही अवस्था म्हणजे ज्याने ते बसवलं त्याला हात जोडावेत अशी.

बाथरूम कोपऱ्यात, पाच फूट बाय आठ फूट, चार कड्यांवर येणारं. सेप्टिक टाकी घराच्या बाजूला, म्हणजे कड्यांना आडव्या दिशेला. त्यामुळे प्लंबरने नहाणी ट्रॅपपासून, म्हणजे बाथरूमच्या जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीच्या तोंडापासून, बाजूच्या भिंतीपर्यंत ७५ मिलिमीटरचा पाइप कड्यांना आडवा नेला होता आणि त्यासाठी चारही कड्यांना वरून खाचा मारल्या होत्या. गाळ्याच्या जवळजवळ मध्यावर.

मी टेप लावला. पहिली खाच ८० मिलिमीटर खोल, दुसरी ९०, तिसरी १००, चौथी ११०. आकडे बघूनच कळलं की प्लंबर कामात पक्का आहे. सांडपाण्याच्या पाइपाला चाळीसात एक उतार हवा, कड्या साधारण ४०० मिलिमीटरवर, म्हणजे दर कडीला बरोबर १० मिलिमीटर उतार. त्याने लेव्हल लावून उतार अचूक राखला होता. फक्त तो उतार कडीच्या अंगातून काढला होता. चौथ्या कडीत २०० पैकी ९० मिलिमीटर लाकूड उरलं होतं.

कमोडच्या ११० च्या पाइपासाठी त्याच कड्यांवर खडूने खुणा करून ठेवलेल्या होत्या. त्या अजून कापायच्या होत्या.

गरम-थंड पाण्याच्या पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) लाइनी मात्र खालून आल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या फळ्या उखडायच्या नव्हत्या आणि खालून प्लायचं छत मारायचं होतं, तेव्हा पाइप कडीच्या खाली लोंबू नये म्हणून पाच कड्यांच्या खालच्या बाजूला ३० मिलिमीटर खोल, चार बोटं रुंद खाचा. त्यासुद्धा मध्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर.

मी खाली जाऊन टॉर्च धरला. तिसऱ्या कडीच्या त्या छोट्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली होती. पहिल्यांदा वाटलं कोळ्याचं जाळं. बोट फिरवलं तर नख अडकलं. वहीचं पान फाडून घातलं, ते अर्ध्याच्या वर आत गेलं. चीर लाकडाच्या धारेने, म्हणजे तंतूंच्या दिशेने, भिंतीकडे दोन फूट गेली होती, आणि आतलं लाकूड ताजं होतं, तपकिरी, तेलकट. जुनी चीर आतून काळी पडते, धुळीने भरते. ही काही दिवसांचीच होती. वर त्याच जागी सिमेंटच्या बारा गोण्या रचलेल्या. सुतळी ओढून मोजलं तेव्हा चौथी कडी मध्यावर १२ मिलिमीटर खाली.

गोण्या तिथल्या तिथे उतरवायला लावल्या. कामाच्या मुलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तासाभरात सगळ्या पडवीत आल्या.

खोल खाच वर, चीर खाली

ही गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. वरच्या खाचा ११० मिलिमीटरपर्यंत खोल होत्या, खालच्या अवघ्या ३०. तरी लाकूड चिरलं ते खालच्या खाचेतून.

कडीवर भार आला की ती किंचित वाकते. वाकताना तिची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधोमध, उंचीच्या निम्म्यावर, दाब नाही आणि ताणही नाही. आपल्याकडे वाडीत पाणी न्यायला पोफळ चिरून, आतला मऊ भाग काढून पन्हळ करतात, तेव्हा हाताला कळतंच की त्या झाडाची सगळी ताकद बाहेरच्या कडक कवचात आहे. वाऱ्यात हेलकावे खाणाऱ्या त्या उंच खोडाला आतल्या गराची फारशी गरजच नसते. कडीचंही गणित तेच.

खालच्या ताणलेल्या कडेला खाच घातली की ताण वाट बदलून खाचेला वळसा घालून जाऊ बघतो आणि आतल्या कोपऱ्यावर लाकडाच्या धारा एकमेकींपासून उचकटल्या जातात. धारांच्या दिशेने लाकूड जबरदस्त चिवट असतं, पण धारा एकमेकींपासून सोडवायला फार जोर लागत नाही. सरपणाचा ओंडका कोयत्याने उभा फोडणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. वरच्या बाजूच्या खाचेत उलट होतं: दाबाने कोपरा मिटू बघतो. तिथे चीर सहसा निघत नाही, पण उरलेल्या पातळ भागावर येणारा भार भयंकर वाढतो.

किती वाढतो ते सांगतो, कारण इथे अंदाज फसतो. कडीची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या पटीत असते. २०० पैकी १०० उरली तर ताकद निम्मी नाही, पाव राहते. चौथ्या कडीत ९० उरली होती, म्हणजे मूळच्या एक पंचमांश. ठरल्याप्रमाणे वर चार इंची कोबा आणि टाइल्स झाल्या असत्या तर प्रत्येक चौरस मीटरवर अडीचशे किलोचं ओझं कायमचं बसलं असतं, आणि राहत्या खोलीसाठी धरायचा २०० किलोचा वापराचा भार वेगळा. या सगळ्याखाली अखंड कडीत येणारा ताण दर चौरस मिलिमीटरला साधारण साडेसहा न्यूटन निघतो. चौथ्या कडीच्या खाचेत तोच एकतीसच्या आसपास जातो.

आता हेच लाकूड त्याच मापाने, पण मधून काढलं असतं तर? २०० मिलिमीटर उंचीच्या कडीत बरोबर मध्यरेषेवर ६६ मिलिमीटरचं भोक, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांश. वाकण्याविरुद्धची ताकद कमी होते सत्ताविसाव्या भागाने, चार टक्क्यांच्याही आत. तीच ६६ मिलिमीटर वरून खाच म्हणून काढली तर ताकद ४४ टक्क्यांवर येते. कापलेलं लाकूड तेवढंच. एकात कडीला पत्ता लागत नाही, दुसऱ्यात ती अर्ध्याहून कमी उरते.

आणखी एक, कारण यावर घरमालक हमखास फसतात. खाच अरुंद असते, त्यामुळे तिचा माडीच्या हलण्यावर परिणाम तिच्या ताकदीवरच्या परिणामापेक्षा कितीतरी कमी होतो. माडी फार हलत नसते आणि कडी मात्र मोडायच्या बेतात असते. वर उड्या मारून बघितलं, काही झालं नाही, ही परीक्षा नव्हे. इथे काकींना हलणं जाणवलं ते चीर गेल्यावर.

मेस्त्रींचं एक वाक्य

मी एकट्याने निर्णय घेणार नव्हतो. गावातले जुने सुतार, वय सत्तरीच्या पुढे, ज्यांच्या वडिलांनी याच आळीतल्या दोन-तीन माड्या बांधल्या, त्यांना बोलावलं. मेस्त्री आले, चष्मा पुसला, फळी बाजूला सारून चारही खाचांवरून हात फिरवला आणि प्लंबरकडे वळले. रागावले नाहीत. म्हणाले, "कडीची पाठ आणि पोट, दोनय राखूक व्हयी. भोक मारूचा आसात तर बेंबीत मार."

मी पुस्तकातून शिकलो ते सगळं या वाक्यात आहे. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत अखंड लाकडाच्या कडीतलं भोक उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच तरी आत हवं, असं आहे. खाच उंचीच्या सहाव्या हिश्शाहून खोल नको आणि गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात तर अजिबात नको. चार इंच किंवा त्याहून जाड कडी असेल तर खालच्या बाजूला, टोकं सोडून, खाच नाहीच. आपल्या जुन्या घरांतल्या कड्या पुष्कळदा चार इंची असतात, त्यामुळे हे कलम आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. ब्रिटनमधली रीत आणखी कडक: भोक उंचीच्या पावपट, खाच एक अष्टमांश.

ब्रिटिश रीतीत जागाही ठरवून दिलेली आहे, आणि मला ती जास्त उपयोगी वाटते. भोकं भिंतीपासून गाळ्याच्या पाव ते चाळीस टक्के अंतरात. खाचा भिंतीजवळ, सात ते पंचवीस टक्क्यांत. बेंबीत मारलं की झालं, मग भिंतीला चिकटून का नको, असं प्लंबरने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. वाकवणारा जोर मध्यावर सगळ्यात जास्त असतो आणि भिंतीकडे कमी होत जातो. पण दुसराही एक जोर असतो, ज्याला आम्ही शिअर म्हणतो: कडीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावरून सरकू बघतो, वहीच्या पानांसारखा. तो उलट भिंतीजवळ सगळ्यात जास्त, आणि कडीच्या उंचीत बघितला तर नेमका मध्यरेषेवर. म्हणजे भिंतीजवळ बेंबीच नाजूक होते. पाव ते चाळीस टक्के हा मधला पट्टा दोन्ही जोरांना त्यातल्या त्यात सोसणारा. आमच्या ३.६ मीटरच्या गाळ्यात तो भिंतीपासून ९० सेंटिमीटर ते १ मीटर ४४ सेंटिमीटर असा आला. मी तो कड्यांवर निळ्या पेन्सिलीने आखून दिला.

मेस्त्रींनी एक तोडगाही सुचवला: वरच्या खाचांत कठीण लाकडाचे ठोकळे पाचरीसारखे घट्ट मारायचे. याला आधार आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये द्युहामेल द्यु मॉन्सो या शास्त्रज्ञांनी लाकडी दांड्यांना दाबाच्या बाजूने काप घेऊन त्यात कठीण लाकडाची पट्टी ठोकली आणि तोडून पाहिले, तर ताकद फारशी घटली नव्हती. दाब ठोकळ्यातून पलीकडे पोचतो, हे खरंच. पण आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसतं. केसाइतकी फट पडली की ठोकळा नुसता भरणा उरतो. वर बाथरूम येणार, रात्री लोक झोपणार. मी ठोकळे मारायला हो म्हटलं, पण त्यांचा हिशोब शून्य धरला. मेस्त्रींना ते पटलं.

पाइप जाणार कुठून

प्लंबरची बाजू इथे मांडायलाच हवी. मी त्याला विचारलं, भोकं का नाही मारलीस? तो म्हणाला, "साहेब, पाइप दहा फुटांचो. भोकातसून घालूचो कसो?" हे खरं कारण आहे, आणि जगभर खाचा याच कारणाने पडतात. खाचेत पाइप वरून ठेवता येतो. भोकातून तो ओवावा लागतो, आणि दोन्हीकडे भिंती असतील तर दहा फुटी ताठ पाइप ओवायला जागाच नसते. त्याला कुणी सुतार दिला नव्हता, नकाशा दिला नव्हता, मुदत मात्र दिली होती.

मग सांडपाण्यापासून सुरुवात केली. ७५ चा पाइप आडवा न्यायचा तर ८० मिलिमीटरचं भोक लागतं. अमेरिकी नियमाने त्याला दहा इंच उंचीची कडी हवी, आणि उतारामुळे प्रत्येक कडीत भोक मध्यरेषेवरून दहा-दहा मिलिमीटर सरकणार. आमच्या आठ इंची कडीत ते बसतच नव्हतं. ११० चा तर विचारही नको. म्हणजे सांडपाण्याचा पाइप कड्यांना आडवा जाणार नाही, हे पक्कं.

पण दोन कड्यांच्या मधे ३२५ मिलिमीटरची मोकळी जागा होती, मागच्या भिंतीपर्यंत सरळ. ट्रॅप एका गाळीत बसवला आणि ७५ चा पाइप कड्यांना समांतर मागच्या भिंतीतून बाहेर काढला. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत २.४ मीटरहून कमी अंतर, त्यात जास्तीत जास्त ६० मिलिमीटर उतार. पाइप अधिक उतार मिळून १३५, कडीची उंची २००. आरामात.

कमोड बदललं. दुकानातून एस ट्रॅपचं आलं होतं, ज्याचा पाइप खाली जमिनीतून जातो. ते परत देऊन पी ट्रॅपचं आणलं. त्याचं तोंड मागे, जमिनीच्या साधारण १८० मिलिमीटर वर असतं. कमोड मागच्या भिंतीला लावलं, पाइप थेट भिंतीतून बाहेर. ११० चा पाइप माडीच्या लाकडाला शिवलाच नाही. लाकडी माडीवर संडास करणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे की कमोड घेण्याआधी एवढं बघा.

काकींचा मुलगा मुंबईहून फोनवर नाराज झाला. पाइप आता घराच्या मागे दिसणार, विहीर आणि तुळस त्याच बाजूला. टाकी बाजूला, म्हणजे बाहेरून वळसा घालून पंचवीस फूट जास्त पाइप आणि एक चेंबर. मी सांगितलं, पाइप दिसेल, खरं आहे. पाइप बंदिस्त आहे आणि शोषखड्डा विहिरीपासून साठ फुटांहून लांबच राहतो, त्यामुळे पाण्याला धोका नाही. त्याचं मन वळवलं ते काकींनी, तोच फोन हातातून घेऊन. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण पाचच मिनिटांत होकार आला.

पाण्याच्या लाइनी आडव्याच जाणार होत्या, तिथे बेंबीचा नियम कामी आला. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. भोक २८ चं. घट्ट ठेवलं नाही, कारण गरम पाण्याचा पाइप लांबतो: चार मीटर लांबीला ४० अंशांच्या फरकाने सेंटिमीटरभर. घट्ट भोकात तो प्रत्येक आंघोळीला करकरतो. गरम आणि थंड यांची भोकं एकमेकांपासून मध्य ते मध्य १०० मिलिमीटर ठेवली, ती रीत व्यासाच्या तिप्पट अंतराची आहे.

भोकं मेस्त्रींनी पाडली. सव्वातीनशे मिलिमीटरच्या गाळीत मोठा ड्रिल आडवा मावेना, तेव्हा त्यांनी जुनं गिरमिट काढलं, मूठ कापून अर्धी केलेलं. सुतळी ओढून सगळ्या कड्यांवर एकाच रेषेत खूण, प्रत्येक खुणेवर आधी ठोकून बघणं, जवळ गाठ असली तर दोन बोटं सरकणं. एका बाजूने टोक बाहेर दिसेपर्यंत, मग पलीकडून उरलेलं, म्हणजे बाहेर पडताना कपची उडत नाही. गिरमिटातून निघणाऱ्या ऐनाच्या तपकिरी कातरणी त्यांनी प्रत्येक वेळी चिमटीत घेऊन चुरडल्या. पावडर झाली नाही, म्हणजे लाकूड आतून धड, की पुढे. पाइपाचे साडेतीन-साडेतीन फुटांचे तुकडे केले, भोकातून ओवले आणि कड्यांच्या मधे कपलर लावले. जोड वाढले, म्हणून फळ्या बसवण्याआधी रात्रभर दाबाखाली पाणी भरून ठेवलं. सकाळी प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला.

कड्यांना जोड

आधी टेकू. खालच्या खोलीत चौथ्या आणि तिसऱ्या कडीखाली फळी आडवी घालून दोन स्क्रू जॅक. एका दिवसात उचललं नाही. रोज दोन-तीन मिलिमीटर, चार-पाच दिवस. वाकलेलं जुनं लाकूड घाईने सरळ केलं तर चीर आणखी धावते.

जोडकड्यांसाठी नवं लाकूड मी घेतलं नाही. ओलं असतं, वर्षभरात आकसतं, बोल्ट सैल होतात. सावंतवाडीकडे मोडलेल्या एका घराच्या जुन्या तुळया मिळाल्या, त्या करवत गिरणीवर ५० बाय २०० ला चिरून घेतल्या. तिसऱ्या आणि चौथ्या कडीला दोन्ही बाजूंनी, बाकी तिघींना एकेका बाजूने. सगळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड. नुसत्या खाचेवर दोन-तीन फुटांची फळी ठोकतात, ती मला पुरेशी वाटत नाही, निदान इतक्या खोल खाचेला नाही.

अखंड कडी भिंतीत बसवणं हे खरं कष्टाचं काम. मधल्या भिंतीतला कोनाडा मुद्दाम जास्त खोल केला, कडी तिरकी करून आधी तिथे आत सारली, मग समोर आणून मागच्या भिंतीच्या कोनाड्यात परत ओढली. टोकाखाली काळ्या दगडाची चिप, टोकाभोवती बोटभर मोकळी हवा. सिमेंट ठासून भरू दिलं नाही. चिऱ्यातून ओल येतेच, आणि सिमेंटने कोंडलेलं टोक आतल्या आत कुजतं. टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात, मेस्त्रींच्या आग्रहाने. माझाही त्यावर विश्वास आहे. वाळवी त्याला सहज हात लावत नाही.

बोल्ट १२ मिलिमीटरचे, स्टेनलेस, मोठे वॉशर, वर-खाली आळीपाळीने. खारं वारं इथे साधं लोखंड काही पावसाळ्यांत खाऊन टाकतं. बोल्टांची भोकंसुद्धा भोकंच आहेत, हे विसरायचं नाही. तीही कडेपासून दोन इंच आत घेतली.

चार इंची कोबा रद्द केला. फळ्यांवर सिमेंट बोर्ड, त्यावर पाणी अडवणारा थर भिंतीवर फूटभर चढवलेला, वर टाइल्स चिकटवून. चौरस मीटरला साठ किलोच्या आसपास, अडीचशेच्या जागी.

टाइल्स लावण्याआधी दोनशे लिटरचे चार ड्रम वर चढवून पाण्याने भरले आणि रात्रभर ठेवले. म्हणजे आठशे किलो, ठरलेल्या वापराच्या भाराहून थोडं जास्तच. रात्री प्लंबर थांबला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सुतळीजवळ टेप धरला तेव्हा चौथी कडी दोन मिलिमीटरच्या आत उतरली होती. ड्रम रिकामे केल्यावर कडी पुन्हा जागेवर आली.

चतुर्थीला घर भरलं. मी दिवाळीनंतर गेलो, लाकूड कोरडं पडल्यावर बोल्ट बघायला. सात-आठ बोल्टांनी पाव-पाव फेरा घेतला, बाकी हलले नाहीत. कड्या, भोकं, पाइप आणि मापं यांचा नकाशा प्लास्टिकमध्ये घालून बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात स्क्रूने लावला आहे. पुढे कधी कुणी प्लंबर येईल तर त्याला ड्रिल लावायच्या आधी तो दिसावा. काकींनी त्यावर खाली पेनाने स्वतः लिहिलंय: "मेस्त्रींका इचारल्याशिवाय कापू नये."

शिमग्यानंतर पुन्हा एकदा पाना घेऊन जायचं आहे.